आठचं कार्ड, बाराचं कार्ड

नमुने

१. नवं. आठ जीबी मेमरी. दोन पंखे. डबा सीलबंद.
२. मागच्या पिढीतलं, वापरलेलं. बारा जीबी मेमरी. तीन पंखे. डबा नाही, कानडी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
एक ठेवायचं, एक परत. मुदत शनिवार.

एवढं वहीत लिहून दिपालीनं पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय असं कुणी विचारलंच, तर ती सांगायची, कॉम्प्युटरमधला चित्राची हमाली करणारा गडी. भवानी पेठेतल्या तिच्या दुकानात ही हमाली दिवसभर चालायची. बाहेर पाटी होती, ‘जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून मिळतील’, आणि आत लोकांची लग्नं, मुंजी, निरोपसमारंभ पिशव्या भरभरून येऊन पडत. बुरशी धरलेल्या फिती पुसायच्या, चालवायच्या, कॉम्प्युटरवर घ्यायच्या, डाग काढायचे, चेहरे उजळायचे. दुकानाच्या मागं एक खोली. तिथं ती आणि तिची आई केराबाई, दोघीच राहत.

कार्डं दिली होती चनबसप्पानं. नव्या पेठेत त्याचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं.

“दोन्ही ने, तंगी,” तो म्हणाला. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पन्नाशीचा चनबसप्पा तिला पहिल्यापासून असाच हाक मारायचा. “चार दिवस चालव. पटेल ते ठेव, दुसरं आणून दे. फकस्त एक कागद लिहून दे मला. गिऱ्हाईक येतंय, आठचं घेऊ का बाराचं घेऊ विचारतंय. मी काय सांगणार? मला दोन्ही विकायचंच आहे की.”

“इंटरनेटवर ढीगभर आकडे आहेत, अण्णा.”

“ते आकडे थंड गावातले. एप्रिलमध्ये सोलापुरात बसून कोण चालवून बघितलंय?”

काम

दोन्ही कार्डांना एकच काम. एकच सेटिंग. आधी एक बसवायचं, मग काढून दुसरं.

चाचणीला कोणतं काम द्यायचं, हे मात्र केराबाईनं ठरवलं.

केराबाईचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. काचबिंदू. डाव्या डोळ्यात जे उरलं होतं ते नळीतून बघितल्यासारखं. समोरचा तांब्या दिसायचा, पण तांब्या धरणारा हात दिसायचा नाही. सोमवारी त्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आहे तेवढं टिकावं म्हणून करायचं, पण टिकेलच असं नाही, कधी कधी उरलेलंही जातं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं आणि त्याच कागदावर केराबाईचा अंगठा घेतला होता.

ती घरी आली. माठातलं पाणी घेतलं, अर्धं प्यायली, अर्धं तुळशीच्या डब्यात ओतलं. मग म्हणाली, “दिपे, जत्रंची ती क्याशेट हाय न्हवं तुज्यापाशी?”

“आहे. खराब झालीय पण.”

“आसू दे. सोमवारच्या आदी तुज्या बाचं त्वांड एकडाव दाव मला.”

दिपालीच्या बापाचं नाव येडू. मंगळवेढ्याच्या पलीकडं, पाण्यासाठी आभाळाकडं बघत बसणाऱ्या गावात त्यांची मेंढरं होती. दोन हजार एक सालच्या दिवाळीआधी मेंढरं घेऊन रस्त्यानं जाताना मागून ट्रक आला आणि येडू जागेवर गेला. दिपाली तेव्हा चार वर्षांची होती. येडूचा धड असा एक फोटो घरात नव्हता. मतदार ओळखपत्र होतं, त्यावर एक काळा डाग होता आणि त्या डागाला दोन कान होते. बाकी राहिली ती ही कॅसेट. त्याच वर्षी बिरुदेवाच्या जत्रेत एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं आपला नवा कॅमेरा कसा चालतो हे बघायला म्हणून अकरा मिनिटं फिरवला होता. त्यात चाळीस सेकंद येडू होता, गळ्यात ढोल, धनगरी गजाच्या रिंगणात नाचणाऱ्यांच्या मधोमध. कॅसेट वीस वर्षं ट्रंकेत घोंगड्यांच्या खाली पडून राहिली आणि तिला बुरशी लागली. लावली की पडद्यावर पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडायचा आणि त्या पावसाच्या आत माणसांच्या आकाराचं काहीतरी हलायचं.

चाळीस सेकंद म्हणजे एक हजार फ्रेम. एक हजार स्थिर चित्रं, एकापुढं एक.

वेग

आठचं: नऊ मिनिटं.
बाराचं: सतरा मिनिटं.
चित्रात फरक नाही. आठचं सरळ पुढे.

मंगळवारी दुपारी दोन्ही झालं. दिपालीनं नेहमीची सेटिंग लावली होती. ‘डाग काढा’ या रकान्यात ‘पूर्ण’ हे तिचं बोट न बघता निवडायचं. पाच वर्षं लग्नांच्या फिती धुऊन बोटाला ती सवय लागली होती. नऊ मिनिटांत आठच्या कार्डानं हजार फ्रेम लख्ख करून समोर ठेवल्या. पाऊस थांबला होता. पांढरे झगे पांढरे दिसत होते. ढोलाची कडी दिसत होती. रिंगण फिरलं, मधला माणूस वळला, आणि दिपालीनं चित्र थांबवलं.

रुंद कपाळ. सरळ नाक. नाकाखाली भरघोस मिशी.

तिला बापाचं काय आठवत होतं? कातड्याचा वास. घोंगड्याची खरखर. काखेत धरून सामानाच्या घोडीवर बसवणारे दोन हात. पण आठवणीतला माणूस कायम पाठमोराच चालायचा, मेंढरांच्या मागं, आणि ती कितीही पळाली तरी त्याच्या पुढं जाता येत नसे. त्या दुपारी तो माणूस वळला. दुकानाचं शटर अर्धं ओढून ती तासभर त्याच्याकडं बघत बसली. आपली हनुवटी त्याच्या हनुवटीशी ताडून पाहिली. जुळते, असं तिनं ठरवलं.

पाहणी

केराबाईला दाखवायचं म्हणजे एक खटपट होती. तिला पडद्यापासून वीतभर अंतरावर बसवायचं, मग मागं उभं राहून तिचं डोकं दोन्ही हातांत धरून इकडं-तिकडं करायचं, जुन्या टीव्हीचा अँटेना फिरवतात तसं. नळी नेमकी जागेवर आली की ती हात वर करायची.

तिनं हात वर केला. बघत राहिली.

“दिसला का?” दिपालीनं विचारलं.

“गडी हाय कोणतरी.”

“कोणतरी काय, आई? आबा आहेत ते.”

“मिशी कुणाची हाय ही?”

दिपालीनं वाकून पडद्याकडं पाहिलं.

“त्या साली तुज्या बाला मिशी न्हवती,” केराबाई म्हणाली. “मामंजी जाऊन ईस दिस झालं व्हतं. डुई, मिशी, समदं उतरवल्यालं. कोण नाचाय जातंय अशा वक्ताला? पर ढोलाचा मान घरचा. त्यो मोडत न्हाय, म्हनून उबा ऱ्हायला.” तिनं पडद्याला जवळजवळ नाक लावलं. “आन् भंडारा कुटं हाय?”

“कसला भंडारा?”

“जत्रंत कसला असतुय गं? इसरलीस व्हय सोलापुरात येऊन?”

दिपाली विसरली नव्हती. दहावीपर्यंत दर वर्षी ती त्या जत्रेला गेली होती. मुठीमुठीनं उधळलेली हळद, पिवळं आभाळ, पिवळे केस, पिवळं पाणी. घरी आल्यावर कुणी तो भंडारा पुसायचा नाही, झटकायचा नाही. आपोआप झडेल तेव्हा झडेल. अंथरुणं आठवडाभर पिवळी राहायची. हे सगळं तिला पाठ होतं. पण दुकानात बसल्यावर पिवळा ठिपका म्हणजे बुरशी आणि बुरशी म्हणजे ‘पूर्ण’. बोटानं विचारलंच नाही.

हवेतला भंडारा निघाला होता. कपाळावरचा निघाला होता. त्याच्याबरोबर चेहऱ्याचा जो भाग खरडून गेला, तिथं कार्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅमनं आपल्या मनानं भर घातली होती. हजारो चेहरे पाहून शिकलेला प्रोग्रॅम. ओठावर सावली दिसली, त्यानं मिशी लावून टाकली.

“ह्यो तर आंगूळ घातल्याला माणूस हाय,” केराबाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “माणसाला आसं धुऊन-पुसून कवा ठेवत्यात, म्हाईत हाय न्हवं?”

ती पाटावरून उठली आणि भिंत धरत मागच्या खोलीत गेली.

मेमरी

आठचं: पाच फ्रेम एका वेळी. सहाव्याला बंद पडतं.
बाराचं: बघायचं आहे.

बुधवारी सकाळी दिपालीनं आधी ‘डाग काढा’ पूर्ण बंद करून पाहिलं. भंडारा आला, पण त्याच्याबरोबर बुरशीही आली, आणि दोन्हींत माणूस पुन्हा बुडाला. मग अर्धं ठेवून पाहिलं. अर्धा भंडारा आणि अर्धी बुरशी, आणि मिशी तशीच.

ती विचार करत बसली. बुरशीचा ठिपका एका फ्रेममध्ये असतो, पुढच्या फ्रेममध्ये नसतो. त्याला मागचं-पुढचं काही नसतं. भंडाऱ्याचं तसं नाही. तो मुठीतून सुटतो, वर जातो, पसरतो, रेंगाळत खाली येतो. एकेका कणाला येण्याची वाट आणि जाण्याची वाट असते. पण ती वाट दिसायला निदान तीस फ्रेम एका वेळी समोर पसराव्या लागतील. असं करणारा दुसरा एक प्रोग्रॅम तिच्याकडं होता. लोकांच्या लग्नाला एवढं कोण करत बसणार, म्हणून कधी वापरला नव्हता. तो आजूबाजूच्या फ्रेममध्ये जे खरंच आहे तेवढंच उचलायचा. पदरचं काही घालायचा नाही.

आठच्या कार्डाचं अंगण लहान होतं. गडी चपळ, पण पाच फ्रेम पसरल्या की पाय ठेवायला जागा नाही. सहावी टाकली की लाल अक्षरांत एक ओळ यायची आणि सगळं थांबायचं. तिनं चित्र लहान करून पाहिलं, तुकडे करून पाहिलं. तुकड्यांत चेहऱ्याच्या मधोमध सांधा दिसायला लागला.

संध्याकाळी तिनं आठचं काढलं आणि वर्तमानपत्रातलं बाराचं बसवलं. तीस फ्रेम मावल्या. पहिल्या फ्रेमला बत्तीस सेकंद लागले. तिनं वहीत गुणाकार केला. जवळजवळ नऊ तास.

तापमान

गुरुवार. खोली बेचाळीस. कार्ड नव्वद.
फ्रेम ६११ वर बंद.

येडूचं तोंड सातशेच्या पुढं होतं.

सकाळी सातला सुरू केलेलं काम दुपारी साडेबाराला मेलं. पत्र्याखालची ती खोली, बाहेर गल्लीत यंत्रमागांची खडखड, आणि कार्डाचे तिन्ही पंखे गरम हवेनंच गरम कार्डाला वारा घालत होते. झालेल्या फ्रेमही नीट साठवल्या गेल्या नव्हत्या. दिपालीनं चनबसप्पाला फोन केला, तर तो तासाभरात स्वतःच येऊन टपकला. हातात पेचकस आणि एक लहान नळी.

“आतली गरमी ओढणारी पेस्ट वाळली असणार,” तो म्हणाला. “म्हाताऱ्या कार्डाचं हेच दुखणं.” त्यानं कार्ड उघडलं, आतला वाळून खडखडीत झालेला थर खरवडला, नळीतली नवी पेस्ट विड्याला चुना लावतात तशी बोटानं सारवली. “पण मी म्हणतो, आठवालं काय वाईट आहे? घोडं आहे घोडं. तू या बैलाच्या मागं का लागलीस?”

दिपालीनं सांगितलं. सगळंच सांगितलं, मिशी, भंडारा, सोमवार. चनबसप्पा ऐकताना स्क्रू आवळायचा थांबला होता.

“आणि अण्णा, मला खरं-खोटं कळतच नाही,” ती म्हणाली. “आबांचं तोंड मला आठवत नाही. दोन कार्डांचे दोन चेहरे समोर ठेवले तर कुठला बरोबर हे सांगणारं माणूस एकच आहे. आणि तिच्याकडं सोमवारपर्यंतच वेळ आहे.”

त्यानं उरलेले स्क्रू आवळले. कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं पान काढून बाजूला ठेवलं, टेबलफॅन ओढून त्याच्या तोंडाशी लावला.

“उद्या पहाटे गारव्याला सुरू कर,” तो म्हणाला. दारात चपला घालताना वळला. “कागदावर कसं लिहिणार तू हे? गिऱ्हाईक विचारंल, भंडाऱ्याला किती मार्क.” पण हे तो हसवण्यासाठी बोलला नव्हता, आणि ती हसली नाही.

आवाज

आठचं: ऐकू येत नाही.
बाराचं: पीठगिरणी.

शुक्रवारी पाचला सुरू केलं. केराबाई उठून आली आणि पाट ओढून कार्डाशेजारी बसली. दिवसभर उठली नाही. येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारी वाऱ्याला बसलीय. पण दिपालीला ती बसण्याची रीत ओळखीची होती. अडलेल्या मेंढीजवळ ती अशीच बसायची, हात न लावता, कान देऊन.

“आता किती?”

“दोनशे चाळीस.”

मग तास दीड तासानं पुन्हा.

“आता?”

“चारशे दहा.”

“ह्येचा दम बदलला बग,” केराबाई एकदा म्हणाली. दिपालीनं पाहिलं तर तापमान ब्याऐंशीवरून सत्त्याऐंशीला गेलं होतं. तिनं ओला पंचा पिळून टेबलफॅनच्या मागं बांधला. आकडा सावकाश खाली आला. आकडा वाचण्याआधीच केराबाईनं मान हलवली होती.

सहाशे अकरा आली आणि गेली. 

दुपारी दोन वाजायच्या सुमारास पंख्यांचा आवाज उतरत उतरत बंद झाला. गल्लीतली खडखड एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

फ्रेम

दिपालीनं आधी एकटीनं बघितलं. भंडारा परत आला होता, हवेत कण कण वेगळा दिसत होता; पण चेहरा मंगळवारपेक्षा कमी दिसत होता. बहुतेक वेळ तो पिवळ्याच्या आतच होता. रिंगण एकदा फिरताना मोकळा दिसायचा, तेही नऊ फ्रेम. अर्धा सेकंदही नाही. नऊ तास जाळून हाताला नऊ फ्रेम लागल्या होत्या.

तिनं त्या सावकाश पुढं सरकवल्या.

फ्रेम ७०२. फेट्याचा शेव डोळ्यांवरून बाजूला होतो.

फ्रेम ७०३. कपाळ. आधीचा भंडारा घामानं ओला.

फ्रेम ७०४. डोळे. कॅमेऱ्याकडं नाहीत. उजवीकडं बघतायत.

फ्रेम ७०५. उजवीकडून एक हात येतो. हिरव्या बांगड्या.

फ्रेम ७०६. मनगट. मनगटावर गोंदण, तीन ठिपके एका रेषेत.

फ्रेम ७०७. ओठ उघडतात. वर नुसती खुंटांची सावली.

फ्रेम ७०८. मूठ सुटते.

फ्रेम ७०९. तो हसायला लागतो.

फ्रेम ७१०. पिवळं.

दिपालीनं मंगळवारची फाईल उघडून तीच जागा काढली. हात तिथंही होता. रिकामा होता. कुणीतरी ढोलाला नमस्कार करतंय असं समजून तिनं तो सोडून दिला होता. मनगट स्वच्छ होतं. तिन्ही ठिपके डाग म्हणून काढून टाकलेले.

“आई, जरा हात दे तुझा.”

केराबाईनं हात पुढं केला. बांगड्या चोवीस वर्षांपूर्वी उतरल्या होत्या. कातडी सैल झाली होती, गोंदण फुटून निळसर पसरलं होतं, पण ठिपके तीनच होते आणि रेषेतच होते. दिपालीनं तो हात पडद्याशेजारी धरला. चार दिवस ती ज्यासाठी तडफडत होती ते तिच्या हातात होतं. बापाचा चेहरा ताडायला तिच्याकडं काही नव्हतं, पण हा हात ताडता येत होता. एका कार्डावर तो खोटा होता, दुसऱ्यावर खरा.

तिनं आईला पाटावर बसवलं, डोकं हातांत धरलं, नळी जागेवर आणली. ७०५ वर चित्र थांबवलं.

“थांबवू नगस,” केराबाई म्हणाली. “थांबल्यालं माणूस मला वळकत न्हाय. चालू दे.”

दिपालीनं नऊ फ्रेम सावकाश फिरत्या ठेवल्या. डोळे, हात, मूठ, हसू, पिवळं. डोळे, हात, मूठ, हसू, पिवळं. हातांत धरलेलं आईचं डोकं गरम होतं आणि अजिबात हलत नव्हतं.

“ह्यो हात माजा हाय,” केराबाई म्हणाली.

“हो.”

“पोरीला काखंला घिऊन उबी व्हते. तूच व्हतीस काखंला. दुसऱ्या हातानं टाकला भंडारा.” पुन्हा एक फेरा गेला. “ह्यो बग हसाय लागला. आन् म्याच झाकलं त्येला.”

“थोडा काढून बघू का? चेहऱ्यापुरता? हसलेले दिसतील.”

“नगं.”

“थोडासाच, आई.”

“नगं म्हनलं न्हवं. म्या टाकल्याला हाय त्यो.”

दिपालीनं फ्रेम फिरत्याच ठेवल्या. किती फेरे झाले ते तिनं मोजलं नाही. बाहेरचे माग थांबले, चहाची सुट्टी झाली, पुन्हा सुरू झाले. मग केराबाईनं तिच्या मनगटावर बोटं टेकवली.

“बास,” ती म्हणाली. “गावला.”

तिनं डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवून भिंतीच्या आधारानं मागं निघाली. खोलीच्या दारात थांबली.

“तुला गावला न्हवं गं तुजा बा?”

“गावला,” दिपाली म्हणाली. गावाकडचा हा शब्द तिच्या तोंडून किती वर्षांनी निघाला होता.

ते खरं नव्हतं. केराबाई आत गेल्यावर तिनं मंगळवारची फाईल काढून टाकली, कचऱ्याच्या डब्यातूनही काढली. मग डोळे मिटून पाहिलं. मेंढरांच्या मागं चालणारा माणूस वळला. त्याला मिशी होती.

निकाल

वेग: आठचं.
आवाज: आठचं.
उष्णता: आठचं.
मेमरी: बाराचं.
ज्याला काम लवकर हवं, त्यानं आठचं घ्यावं. ज्याच्या घरी चित्र ताडून बघणारं माणूस आहे, त्यानं बाराचं.

शनिवारी चनबसप्पानं कागद दोनदा वाचला. आठचं कार्ड डब्यात आहे का पाहिलं, डबा कपाटात ठेवला.

“आईंनी बघितलं?”

“बघितलं.”

“मग झालं तर.” त्यानं कागद काउंटरच्या काचेखाली सरकवला, सरळ केला. “ही शेवटची ओळ गिऱ्हाइकाला कशी समजावू मी?”

“नका समजावू, अण्णा.”

पुन्हा चाचणी

रविवारी सकाळी आत केराबाई उद्याच्या दवाखान्याची पिशवी भरत होती. लुगडं, तांब्या, फणी. एकेक वस्तू हातानं चाचपून. डोळ्याचं काम तिनं कालपासून कमीच केलं होतं, खर्चून टाकू नये असं काही जवळ असल्यासारखं.

दिपालीनं दुकान उघडलं नव्हतं. बाराचं कार्ड आता तिचं होतं. तिनं नऊ फ्रेम लावल्या आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर बसली, आई बसली होती तशी. डोळे. हात. मूठ. हसू. पिवळं. मग डोळे मिटले.

मिशी अजून होती.

तिनं डोळे उघडले आणि पुन्हा सातशे दोनपासून लावलं.